न उतरणारा ताप : एक अभ्यास

आपल्या धानोरा परिसरात ताप आला म्हणजे प्रथम हिवतापाचा, मग विषमज्वराचा आणि तो लांबला तर क्षयाचा विचार होतो. हा क्रम रास्तच आहे, कारण लांबलेल्या तापामागे येथे बहुधा संसर्गच असतो. तथापि काही रुग्णांत त्यामागे कर्करोग दडलेला असतो, याकडे आम्ही दाते, विश्वस्त व रुग्णांचे आप्त यांचे लक्ष वेधू इच्छितो.

१९६१ साली अमेरिकेतील पीटर्सडॉर्फ व बीसन या डॉक्टरांनी अशा १०० रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. १०१ अंशांहून अधिक ताप, तोही तीन आठवड्यांहून अधिक काळ, आणि रुग्णालयात आठवडाभर तपासण्या करूनही निदान नाही, ही त्यांची कसोटी होती. त्यांपैकी ३६ जणांत संसर्ग, तर १९ जणांत कर्करोगाच्या वर्गातील विकार आढळले.

यांत लिम्फोमा, म्हणजे लसिकाग्रंथींचा कर्करोग, विशेष फसवा आहे. ताप, रात्रीचा घाम, घटणारे वजन, मानेतील गाठी ही त्याची लक्षणे क्षयाचीही आहेत. केवळ अंदाजाने क्षयाची औषधे चालू केल्यास मोलाचे महिने वाया जातात. गाठ काढून बायोप्सी करणे हाच खरा निवाडा. सुईने घेतलेला नमुना पुष्कळदा अपुरा पडतो. स्टेरॉइडच्या इंजेक्शनाने ताप उतरतो खरा, परंतु रोग झाकला जातो व पुढील बायोप्सीही संदिग्ध होऊ शकते. तसेच सिकलसेलग्रस्त मुलाचा ताप व हाडदुखी सरसकट सिकलसेलच्याच खाती मांडली जाते. रक्ताच्या कर्करोगातही हीच लक्षणे असतात.

आपल्या जिल्ह्यातील अनेक कुटुंबे ऊसतोडीसाठी गुजरातेत जातात. प्रत्येक मुक्कामी डॉक्टर नवा आणि कागद नवा. त्यामुळे तीन आठवडे केव्हा उलटले हे कोणाच्याच ध्यानी येत नाही. म्हणून तापाच्या तारखा लिहून ठेवाव्यात व जुन्या चिठ्ठ्या, क्ष-किरण फिल्म, रक्ताचे अहवाल एकाच पिशवीत जपावेत, अशी आप्तांना आमची विनंती आहे.

वेळीच निदान झाल्यास हॉजकिन लिम्फोमाचे बहुसंख्य रुग्ण पूर्ण बरे होतात. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाच्या उपचारांचा समावेश आहे; मात्र मंजुरीसाठी निदानाचे अहवाल जोडावे लागतात. ते हाती येईपर्यंतचा प्रवास, तपासण्या व बुडालेली मजुरी यांचा भार कुटुंबावरच पडतो. दात्यांचा रुपया आमच्या मते याच टप्प्यावर सर्वाधिक उपयोगी पडतो.