वैमानिक व्हायचे तर किती खर्च?

अंधेरीला माझ्या मामाच्या गच्चीवरून उतरत्या विमानांची चाके मोजता येतात. तेव्हापासून मला वैमानिक व्हावेसे वाटते, म्हणून ही माहिती जमवली. पालकांनी हिशेब जरूर पाहावा.

जवळच जुहूचा जुना विमानतळ आहे. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन एकटेच तेथे उतरले. वाटेत अहमदाबादला विमानाचे इंधन चक्क बैलगाडीतून आणले होते!

आता खर्च. परवान्यासाठी २०० तास उड्डाण लागते. त्याला ४०-५० लाख रुपये जातात. आबा म्हणाले, "अगं, एवढ्यात अर्ध्या वाडीची लग्नं लागतील!" शिवाय परवाना मिळाला म्हणजे नोकरी मिळतेच असे नाही, कर्ज मात्र फेडावेच लागते. मला हेच सर्वांत अवघड वाटते. दरवर्षी डॉक्टरी तपासणी असते. त्यात नापास झाले की उड्डाण बंद. रात्री-अपरात्री कामावर जायचे, दिवाळीतसुद्धा.

नोकरी लागली तर पगार भरपूर आणि मानही मोठा. मुलींना जमेल का, असे कोणी विचारले तर मी सौदामिनी देशमुख यांचे नाव सांगते. १९८५ साली त्यांनी कलकत्त्याहून सिलचरला विमान नेले. त्यातले सगळे कर्मचारी बायकाच होत्या.

कमी खर्चाची वाटही आहे. खडकवासल्याच्या एन.डी.ए.त २०२२ पासून मुलींनाही घेतात. शिक्षणाचा खर्च सरकार करते. पण परीक्षा फार कठीण असते, आणि पुढे नोकरी हवाई दलातच करायची. त्यासाठी बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व गणित हवे. आबांना ही वाट पसंत आहे, आई अजून काही बोललेली नाही.

– इयत्ता सातवी