हिवाळी ऑलिंपिकची पदके : रचना आणि कारागिरी

फ्रान्समधील आल्प्स पर्वताच्या पायथ्याशी वसलेल्या शामोनी या गावी १९२४ साली 'आंतरराष्ट्रीय हिवाळी क्रीडा सप्ताह' भरविण्यात आला. हाच सप्ताह पुढे पहिली हिवाळी ऑलिंपिक स्पर्धा म्हणून मान्यता पावला. त्याचे पदक राउल बेनार या शिल्पकाराने घडविले होते. दोन्ही बाहू पसरून उभा राहिलेला खेळाडू, त्याच्या हातांत स्केट्स व स्की आणि पाठीमागे हिमाच्छादित पर्वत, अशी त्यावरील आकृती होय. यजमान नगराने आपल्या स्पर्धेचे पदक आपणच योजावे, ही रीत हिवाळी स्पर्धांत तेव्हापासून पडली.

उन्हाळी ऑलिंपिकचे तसे नाही. तेथे जुझेप्पे कासिओली यांनी योजलेली विजयदेवतेची आकृती १९२८ पासून २००० पर्यंत पदकाच्या दर्शनी बाजूवर कायम होती. देवतेच्या मागे प्राचीन रोममधील कलोसियम दाखविले होते. वस्तुतः हे खेळ मूळचे ग्रीसचे. ही विसंगती दूर होण्यास २००४ ची अथेन्स येथील स्पर्धा उजाडावी लागली!

सुवर्णपदक सोन्याचे असते, हा समजही येथेच दूर केलेला बरा. नियमानुसार त्यात किमान ९२.५ टक्के शुद्धतेची चांदी असते व तिच्यावर किमान ६ ग्रॅम सोन्याचा मुलामा दिलेला असतो. म्हणून पदकाची परीक्षा त्याच्या घडणीवरून करणे इष्ट होय. तळहाताएवढ्या चकतीत आपल्या भूमीचे नेमके काय उतरवावे, हा यजमानांपुढील प्रश्न असतो. बोधचिन्ह छापून मोकळे होणे हा त्यातील सोपा मार्ग.

नॉर्वेमधील लिलेहामर येथे १९९४ साली झालेल्या स्पर्धेत हा सोपा मार्ग पत्करण्यात आला नाही. स्कीवरून झेप घेण्याच्या खेळासाठी लिसगार्ड्सबाकेन येथील डोंगरउतारावर क्रीडांगण उभारण्यात आले होते. त्याच जागेतून काढलेला स्पॅरॅगमाइट हा दगड पदकासाठी वापरण्यात आला. हा अतिप्राचीन वालुकाश्माचा एक प्रकार होय. नॉर्वेच्या कलावंत इंगेर्ड हानेवोल्ड यांनी पदकाची योजना केली. धातूला दाब देऊन ठसा उमटविता येतो, एका साच्यातून शेकडो नग निघतात. दगड मात्र ठशाखाली फुटतो. तो कापून, घासून, त्यावर धातू बसवावा लागतो. पदकाच्या मागील बाजूस त्या त्या खेळाची चिन्हाकृती होती. या चिन्हाकृतींची प्रेरणा रोडोय येथील सुमारे ४,००० वर्षांपूर्वीच्या शिलाचित्रातून घेण्यात आली होती. त्या चित्रात स्कीवर चालणारा एक माणूस कोरलेला आहे. दगडावरचे चित्र असे पुन्हा दगडी पदकावर आले.

शाळांच्या किंवा तालुक्याच्या स्पर्धांसाठी एकाच साच्याची पदके बाजारातून मागविणाऱ्या आपल्यापैकी अनेकांना हा खटाटोप अनाठायी वाटेल. परंतु जपानमधील नागानो येथे १९९८ साली त्याहूनही चिकाटीचे काम झाले. नागानो प्रांतातील किसो हा भाग लाक्षाकामासाठी प्रसिद्ध आहे. तेथील कारागिरांनी पदकांवर हाताने लेप चढविले. आपल्याकडील सावंतवाडीच्या लाखकामाशी याची गल्लत करू नये. आपली लाख कीटकांपासून मिळते. जपानी लेप हा उरुशी नावाच्या झाडाचा चीक असतो. त्याचा एक विलक्षण गुण असा की, तो उन्हात वाळत नाही, तर दमट हवेत घट्ट होतो. म्हणून एक थर दिल्यावर वस्तू ओलसर कपाटात ठेवावी लागते व तो पक्का झाल्यावरच पुढचा थर देता येतो. येथे घाई चालत नाही. लेप ओला असतानाच त्यावर सोन्याची पूड भुरभुरून चित्र साधण्याच्या कलेस 'माकी-ए' म्हणतात. पदकाच्या मागील बाजूस डोंगरांवर उगवता सूर्य या पद्धतीने रेखाटला होता आणि दर्शनी बाजूवरील बोधचिन्ह मीनाकामात होते. यंत्राच्या युगात एका जुन्या ग्रामोद्योगाला जगापुढे येण्याची ही संधी मिळाली, ही गोष्ट खेळातील विक्रमांइतकीच नोंद घेण्याजोगी आहे.

सर्वच प्रयोग सारखे साधले, असे म्हणता येत नाही. १९९२ साली फ्रान्सच्या आल्बेरव्हिल येथे लालीक या नामवंत काच कारखान्याने स्फटिकासारख्या काचेची पदके घडविली. इटलीतील तूरीन येथे २००६ साली पदकाच्या मध्यभागी पोकळी ठेवण्यात आली व तिला इटलीतील नगरचौकाची उपमा देण्यात आली. किसोचे काम पाहताक्षणी समजते. ही पोकळी मात्र स्पष्टीकरणावाचून उमगत नाही, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. दक्षिण कोरियातील प्यॉन्गचांग येथे २०१८ साली पदकाच्या कडेवर कोरियन लिपीतील व्यंजने कोरली गेली आणि फितीसाठी तेथील पारंपरिक पोशाखाचे कापड वापरण्यात आले.

कॅनडातील व्हँकुव्हर येथील २०१० सालच्या पदकांची कल्पना याहून निराळी आहे. आदिवासी परंपरेतील कलावंत कोरिन हंट यांनी ओर्का या सागरी प्राण्याचे एक मोठे चित्र काढले. त्या चित्राचा वेगवेगळा तुकडा प्रत्येक पदकावर आला, त्यामुळे कोणतीही दोन पदके एकसारखी नव्हती. ओमर आर्बेल यांनी पदकाचा पृष्ठभाग समुद्राच्या लाटांप्रमाणे व बर्फाच्या वळ्यांप्रमाणे उंचसखल ठेवला. धातूचा काही अंश टाकाऊ इलेक्ट्रॉनिक वस्तूंमधून मिळविलेला होता. विजेत्यास पदकासोबत संपूर्ण चित्र छापलेला रेशमी रुमाल देण्यात आला. आपल्या वाट्याला ओर्काचा कोणता भाग आला आहे, हे त्यावरून ज्याला त्याला शोधता येई.