स्वस्त कुठे चालतं, कुठे नाही

चि. सायली,

यादी मिळाली. आयटीआयचा फिटर ट्रेड पुरा झाला, आता चिपळूणच्या घरामागच्या पडवीत पंप, गवत कापायची यंत्रं, लोखंडी फाटकं आणि गावातल्या मोटारसायकली दुरुस्त करायच्या, आणि अवजारांसाठी हाताशी वीस हजार. बेत झकास आहे. यादीतली पहिली ओळ मात्र मामाने आधीच खोडून टाकली आहे.

ती ओळ म्हणजे निळ्या पेटीतला सव्वाशे नगांचा संच. अशा संचातले नग एकदा मोजून बघ. निम्म्याहून जास्त नग म्हणजे स्क्रूची टोकं, भिंतीत ठोकायचे प्लग आणि कुठल्याच कामाला न येणाऱ्या मापाच्या गोट्या. पक्कड असते, पण तिचे जबडे मिटले तरी मधून उजेड दिसतो. हातोडी असते, ती खिळ्यापुरती. सगळं मिळून जे खरं पोलाद हातात येतं, ते त्याच पैशात सुटं घेतलं तर दुप्पट चांगलं मिळतं. संच विकत घेणारा बहुतेक वेळा पेटीच विकत घेतो.

बाकीच्या यादीत तू प्रत्येक वस्तूपुढे किंमत लिहिली आहेस. त्याच्या शेजारी आणखी एक रकाना आख आणि त्यात लिही, ही वस्तू ऐन कामात दगा देईल तेव्हा काय होईल. सी-क्लॅम्प वाकला तर दुसरा येतो, शे-दोनशे रुपयांचं नुकसान. पेचकसाचं टोक गोल झालं तर पेचकस जातोच, शिवाय गिऱ्हाइकाच्या कार्ब्युरेटरवरच्या स्क्रूची खाच कायमची बिघडते आणि मग ड्रिल मारून तो स्क्रू काढत बसावं लागतं. ग्राइंडरची चकती फुटली तर डोळा जातो. वीस हजारांची वाटणी या रकान्याकडे बघून कर.

या हिशेबाने, मोडलं तरी थोडक्यात भागतं अशा पहिल्या गटातलं सगळं बेलाशक स्वस्तातलं घे. हातोडी, छिन्नी, हॅक्सॉची फ्रेम, क्लॅम्प, तेलाची कुपी. हातोडीचं डोकं जुन्या बाजारातलंही चालतं, दांडा बाभळीचा नवा बसवून पाचर नीट ठोकली की झालं. छिन्नीच्या माथ्यावर ठोकून ठोकून फूल उमललं असेल तर ते ग्राइंडरवर उतरवून घे, कारण तिथलेच कपचे उडतात. हॅक्सॉची फ्रेम साधी असली तरी पातं बायमेटलचंच घे. इंचाला 18 दातांचं जाड लोखंडाला, 24 चं रोजच्या कामाला, 32 चं पातळ पत्र्याला आणि नळीला. निदान तीन दात एका वेळी धातूवर टेकले पाहिजेत हे वर्गात शिकलीच असशील. त्याकडे दुर्लक्ष झालं की दात झडतात आणि नाव पात्याचं बद्दू होतं.

कानशीसाठी तर तुला लांब जायलाच नको. रेमंड समूहातल्या जेके फाइल्सचे कारखाने रत्नागिरीत आणि चिपळुणातच आहेत आणि त्यांचा माल जगभर जातो. आयटीआयमध्ये कानस घासताना हात भरून येत होते ना, त्यातल्या निम्म्या कानशी कोणत्या गावच्या होत्या ते टोकावरचा छाप बघितला असतास तर कळलं असतं. बारा इंची चपटी बास्टर्ड, आठ इंची सेकंड कट, एक अर्धगोल आणि एक गोल एवढ्या चार पुरतात. कानशीची किंमत कमी आणि आयुष्य वापरणाऱ्याच्या हातात. परतीच्या फेऱ्यात दाब सोडायचा, ॲल्युमिनियम घासण्याआधी खडू फासायचा, आणि कानशी एकमेकींवर आपटतील अशा खणात कधीही टाकायच्या नाहीत. बिनमुठीची कानस वापरू नकोस. तिचं शेपूट तळव्यात घुसायला एक झटका पुरतो.

आता ड्रिलची टोकं, म्हणजे बिट. इथे बाजारात सोनेरी रंगाचा मोठा सुळसुळाट आहे. टायटॅनियम नायट्राइडचा खरा लेप सोनेरी असतो हे खरं, पण नुसता सोनेरी रंगही सोनेरीच दिसतो. बघायचं ते रंगाखालचं पोलाद. साधं कार्बन पोलाद दोन-अडीचशे अंश सेल्सिअसला नरम पडायला लागतं, हायस्पीड स्टील सहाशे अंशांच्या आसपासपर्यंत धार धरून राहतं. दांड्यावर एचएसएस कोरलेलं असावं, आणि अक्षरं बोटाला लागावीत अशी असावीत. स्टेनलेसचं काम वारंवार यायला लागलं तर पाच टक्के कोबाल्टचं, एम-35 छापाचं घे, तोवर गरज नाही.

आणि एक ते तेरा मि.मी.चा डबा घेऊ नकोस. त्यातली निम्मी मापं वर्षानुवर्षं खोक्यातच राहतात. तुझं काम आट्यांचं आहे, तेव्हा टॅपच्या आधीची मापं घे. एम-4 ला 3.3, एम-5 ला 4.2, एम-6 ला 5, एम-8 ला 6.8, एम-10 ला 8.5. ही पाच चांगल्या मेकची, 5 आणि 6.8 दोन-दोन नग. बाकीची अडेल तेव्हा आणायची.

पान्यांचंही असंच. दुकानदार सहा ते बत्तीसचा बारा पान्यांचा संच पुढे करेल. नट-बोल्टच तुला सांगतील काय लागतं ते. आपल्याकडच्या पंपांवर आणि यंत्रांवर एम-6 चं डोकं 10 चं, एम-8 चं 13 चं, एम-10 चं बहुधा 17 चं आणि एम-12 चं 19 चं. मोटारसायकली जपानी घडणीच्या, त्यामुळे तिथे एम-8 ला 12 आणि एम-10 ला 14. म्हणजे 8, 10, 12, 13, 14, 17, 19. संचातले 24-27 पासून पुढचे जाडजूड पाने वजनाला भारी आणि कामाला दुर्मीळ, आणि पैसे त्यांच्यातच अडकतात. सहा ते बावीसचा आठ पान्यांचा संच घे, त्याच मापांतले तीन-चार रिंग पाने घे. गोटी पाना घेशील तेव्हा गोटीच्या आत डोकावून बघ. बारा कोनांची गोटी पटकन बसते, पण गंजलेल्या बोल्टचे कोपरे खाते. सहा कोनांची गोटी बोल्टच्या सपाट बाजू धरते. कोकणात बोल्ट गंजलेलाच येणार, तेव्हा सहा कोनांची.

मेक कोणता, हा तुझा प्रश्न. नाशिकच्या सातपूरला कारखाना असलेली तपारिया हे हातअवजारांतलं रास्त भावाचं आणि विश्वासाचं नाव आहे. मेकॅनिकच्या पेटीत तिची पक्कड नसेल असं गॅरेज शोधावं लागेल. जालंधर, लुधियाना, राजस्थानातलं नागौर इथूनही चांगला माल येतो. परदेशात भलत्या नावाने विकले जाणारे कित्येक पाने जालंधर-लुधियान्याच्या भट्टीतलेच असतात. त्यामुळे ‘चायना’ की ‘इंडिया’ या वादात मामाला रस नाही. वस्तू हातात घेऊन बघावी. पक्कड मिटून उजेडासमोर धर, कापायची धार शेवटपर्यंत मिटलेली हवी. मग कागद कापून बघ. पान्याच्या जबड्यात नवा बोल्ट घाल आणि किती हलतो ते बघ. पॅकिंगवर आयएसआय चिन्ह आणि मानकाचा क्रमांक आहे का पाहा, कटिंग पक्कडीला 3650, फिक्स पान्यांना 2028. नामांकित मेकची नक्कलही सर्रास मिळते, म्हणून पक्कं बिल घे. छापील किमतीला हार्डवेअरच्या दुकानात कुणी काही घेत नाही, हेही लक्षात असू दे. तीन दुकानांत भाव विचारायला लाजू नकोस.

पकडीवरून आठवलं. तिच्या मुठीवरचं रंगीत प्लास्टिक हाताला बरं वाटावं म्हणून असतं, विजेपासून वाचवायला नव्हे. पंपाच्या स्टार्टरचं काम करणार असशील तर मुठीवर 1000 व्होल्ट आणि दोन त्रिकोणांचं चिन्ह असलेली पक्कड आणि पेचकस वेगळे घे, महाग पडले तरी. आणि ते घेतल्यावरही आधी मेन स्विच बंद करायचा.

मोजमापात कंजुषी करू नकोस, पण उधळपट्टीही नको. गुण्या दुकानातच तपासता येतो. सरळ कडेच्या फळीला गुण्या टेकवून पेन्सिलीने बारीक रेघ मार, गुण्या उलटा कर, त्याच बिंदूतून दुसरी रेघ मार. दोन्ही एकमेकींवर बसल्या तर गुण्या खरा. फाकल्या तर जेवढं फाकलं त्याच्या निम्मी चूक. अडीचशे रुपयांचा गुण्या या परीक्षेत पास होतो आणि हजाराचा नापास होतो, असंही घडतं. दुकानदार कपाळाला आठ्या घालेल, घालू दे. टेपच्या टोकाचा आकडा हलतो म्हणून तो टेप परत करणारे लोक आहेत. तो मुद्दाम सैल असतो, आकड्याच्या जाडीइतकाच पुढे-मागे सरकतो, म्हणजे आतून टेकवून मोजलं काय आणि बाहेरून अडकवून मोजलं काय, माप एकच यावं. व्हर्नियर मात्र डिजिटल घेऊ नकोस. स्वस्तातल्या डिजिटल व्हर्नियरमधला सेल बंद ठेवला तरी उतरत राहतो आणि नेमका कामाच्या वेळी आकडा मालवतो. 0.02 मि.मी.चा साधा व्हर्नियर डोळ्याने वाचायला तू शिकलेली आहेस. जबडे मिटून शून्य शून्यावर येतो का आणि मधून उजेड दिसतो का, एवढं बघून घे.

राहिली विजेवरची यंत्रं. ड्रिल आणि चार इंची ग्राइंडर, दोनच. दोन्ही घेताना खोक्यावरचे वॉट वाचू नकोस. ते यंत्र किती वीज खातं त्याचे आकडे आहेत, किती काम करतं त्याचे नाहीत. दुकानात जाण्याआधी आर्मेचर बांधणाऱ्या कारागिराकडे जा आणि त्याला विचार, कोणतं मशीन परत परत येतं आणि कशाचे कार्बन, स्विच, आर्मेचर लगेच मिळतात. जाहिरात करणाऱ्या कुणाहीपेक्षा त्याला जास्त माहीत असतं, आणि त्याला खोटं बोलण्यात काही फायदा नाही. सुटे भाग मिळणारं साधं मशीन हे न मिळणाऱ्या भारी मशीनपेक्षा स्वस्त पडतं. बॅटरीवरचं ड्रिल पहिल्या वर्षी नको. 18 व्होल्ट आणि ‘20 व्होल्ट मॅक्स’ या भानगडीत तर पडूच नकोस, दोन्हींत तेच पाच सेल असतात, एकाने सरासरी दाब छापलेला असतो आणि दुसऱ्याने नुकत्या चार्ज झालेल्याचा.

ग्राइंडरच्या चकतीबद्दल मात्र मामा ऐकून घेणार नाही. चार इंची ग्राइंडर मिनिटाला अकरा हजारांच्या आसपास फेरे घेतो. चांगल्या चकतीवर 80 मीटर प्रतिसेकंद ही कडेची वेगमर्यादा छापलेली असते, म्हणजे 100 मि.मी.च्या चकतीला मिनिटाला सुमारे 15,200 फेरे. ग्राइंडरच्या अकरा हजार फेऱ्यांनाही ताशी सुमारे दोनशे किलोमीटर वेगाने तिची कड तुझ्या चेहऱ्यासमोरून जात असते. आकडा छापलेला नसेल ती चकती फुकट मिळाली तरी नको. मधल्या धातूच्या कडीवर मुदतीची तारीख असते. या चकत्या राळेने बांधलेल्या असतात आणि दमट हवेत कमजोर होतात, म्हणून साधारण तीन वर्षांची मुदत. कोकणातल्या दुकानात पावसाळाभर पडून असलेला गठ्ठा सवलतीत मिळाला तर तारीख आधी वाच. गार्ड काढायचा नाही, मोठी चकती बसावी म्हणून तर मुळीच नाही, आणि लाकूड कापायचं दातेरी पातं ग्राइंडरला लावायचं नाही. डोळ्यांवरचा चष्मा आयएस 5983 चा, शे-दीडशेत येतो. ओढणी खुंटीला, वेणी बांधून आत, आणि ड्रिलवर कापडी हातमोजे नकोत, ते गुंडाळले जातात.

सगळ्यात जास्त पैसे कशाला ठेवायचे तर बेंच वाइसला, आणि तो जुना मिळाला तर उत्तम. पुण्याला जुना बाजार आहे, मुंबईत चोर बाजार आहे, आणि नव्याचा भाव कळायला नागदेवी स्ट्रीटची एक फेरी मारावी. बंद पडलेल्या वर्कशॉपचं सामान जिथे निघतं तिथे सगळ्यात आधी पोच. जुन्या वाइसवर गंज दिसला तर घाबरू नकोस, गंज निघतो. बघायचं ते दुसरंच. जबडे कागदाची घडी धरून दोन्ही टोकांना सारखे आवळतात का, हँडल किती फिरल्यावर पुढचा जबडा हलायला लागतो, आणि बिडाच्या अंगावर कुठे वेल्डिंगची शिवण आहे का. बीड एकदा तडकून जोडलेलं असेल तर ते तिथेच पुन्हा उघडतं, मग भाव कितीही पाडून मिळो. पाठीमागून, खालून, नटाच्या बाजूने टॉर्च मारून बघ. रंग नुकताच फासलेला असेल तर जास्तच बघ.

पाऊस सुरू होण्याआधी सगळ्यावर मशीन ऑइलचा हात फिरव. पेटीत कापराची वडी टाकून ठेवतात ती जुनी रीतही वाईट नाही.

पहिली खेप पान्यांची, कानशींची, बिटांची आणि वाइसची कर. ग्राइंडर पुढच्या महिन्यात, पहिल्या कामाचे पैसे आले की. आणि जुना वाइस सापडला तर उचलण्याआधी फोटो पाठव, जबड्यांचा एक आणि तळाचा एक.

तुझा,
मामा