बाळाची उशी: घेताना किती खर्च, दावा लागलाच तर किती

पहिलं वर्ष पूर्ण होईपर्यंत बाळाच्या डोक्याखाली उशी नको. मोहरीची नको, कापसाची नको, मध्ये खळगा असलेली फोमचीही नको. कडेने जाड लोड असलेली ती गुबगुबीत गादी, जिला दुकानदार ‘बेबी नेस्ट’ किंवा ‘लाउंजर’ म्हणतात, ती झोपवण्यासाठी मुळीच नको. हे आधीच सांगतो, कारण पुढचे सगळे आकडे वाचून कुणी ‘त्यातल्या त्यात बरी कोणती’ असं ठरवायला बसू नये.

धुळे जिल्ह्यातल्या साक्री, पिंपळनेर, निजामपूर, दहिवेल, कुठेही बारशाला जा, आहेरात उशी असतेच. घरी शिवलेली मोहरीची उशी शंभर-दीडशे रुपयांत होते. तीच तयार घेतली तर साधारण दोनशे ते सहाशे. ऑनलाइन नेस्ट साधारण आठशेपासून तीन हजारांपर्यंत, आणि दूध पाजताना आईच्या मांडीवर ठेवायची अर्धगोल उशी सातशे ते दोन हजार. या सगळ्यांत शेवटची तेवढी उपयोगाची, तीही आई जागी असताना आणि बाळ तिच्या हातात असताना. पाजून झालं की बाळ तिथून उचलायचं.

बाळाला लागतं काय? सपाट, घट्ट अंथरूण. जुन्या लुगड्यांची पातळ गोधडी टणक जागेवर नीट ताणून घातली की काम झालं, खर्च शून्य. डास असतात म्हणून मच्छरदाणी हवी. ती तोंडावर पडणार नाही अशी बांधा. एवढंच.

धोका कसा होतो तो समजून घ्या, म्हणजे घरातल्या मोठ्यांना सांगता येईल. नवजात बाळाचं डोकं शरीराच्या लांबीच्या जवळजवळ एक चतुर्थांश असतं आणि मान धरलेली नसते. डोक्याखाली उंची आली की हनुवटी छातीला टेकते आणि श्वासाची वाट दबते. बाळ कडेच्या मऊ लोडाकडे वळलं तर नाक त्यात रुततं, सोडलेलाच श्वास ते परत घेत राहतं आणि प्राणवायू कमी पडत जातो. अशा वेळी बाळ रडतही नाही. शेजारी झोपलेल्या आईला काही कळत नाही, त्यात तिचा काडीचाही दोष नसतो. मोहरीच्या उशीत आणखी एक भीती आहे: शिवण उसवली की दाणे नाकातोंडात जातात. कापडाच्या झोळीत झोपवत असाल तर तिच्यात उशी घालू नका, बाळाचं तोंड सतत दिसेल असं ठेवा आणि हनुवटी छातीला टेकलेली नाही ना, हे पाहत राहा.

अमेरिकेत हे फार महागात पडलं. तिथल्या ‘बॉपी’ कंपनीने सप्टेंबर २०२१ मध्ये सुमारे ३३ लाख लाउंजर बाजारातून परत मागवले, कारण डिसेंबर २०१५ ते जून २०२० या काळात त्यांवर आठ बाळांचे मृत्यू झाल्याची नोंद होती. परत मागवल्यानंतरही दोन मृत्यू नोंदले गेले, कारण वस्तू घराघरांत आणि जुन्या सामानाच्या विक्रीत फिरत राहिली. त्याआधी एप्रिल २०१९ मध्ये ‘फिशर-प्राइस’ने तिरक्या झोपाळ्याचे ४७ लाख नग परत मागवले होते. जानेवारी २०२३ पर्यंत त्या झोपाळ्याशी जोडल्या गेलेल्या मृत्यूंचा आकडा शंभराच्या आसपास गेला. मे २०२२ मध्ये तिथे कायदाच झाला: दहा अंशांपेक्षा जास्त उतार असलेलं बाळाचं अंथरूण आणि पाळण्याच्या कडेला लावायचे जाड लोड विकायला बंदी. पुणे-मुंबईकडची किंवा परदेशातली नातेवाईक मंडळी प्रेमाने वापरलेलं सामान पाठवतात, त्यात असा लाउंजर किंवा तिरका झोपाळा असेल तर तो दुसऱ्या कुणालाही न देता मोडून-फाडून टाका.

डोकं गोल व्हायला हवं ना, असं आजी विचारते. तिचा प्रश्न मायेचा आहे आणि त्याला नीट उत्तर द्यायला हवं. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने नोव्हेंबर २०२२ मध्ये डोक्याला आकार देणाऱ्या उशांविरुद्ध स्पष्ट इशारा दिला. त्यांचा फायदा सिद्ध झालेला नाही, गुदमरण्याचा धोका मात्र आहे. झोपवताना बाळाचं डोकं एकदा उजवीकडे, एकदा डावीकडे ठेवा आणि बाळ जागं असताना डोळ्यांसमोर काही वेळ पोटावर ठेवा. बहुतेक मुलांचं डोकं याने आपोआप सुधारतं. मान एकाच बाजूला आखडलेली वाटली तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा. उताणं झोपवलं तर गुळणी श्वासात जाईल ही भीतीही खरी नाही. उताण्या बाळाची श्वासनलिका अन्ननलिकेच्या वर असते. १९९२ पासून अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांनी बाळ पोटावर झोपवू नका असं सांगायला सुरुवात केली आणि पुढे झोपेतले आकस्मिक मृत्यू तिथे निम्म्याहून कमी झाले.

सल्ल्यालाही खर्च नाही. दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी येतात. बाळ कुठे झोपतं ते त्यांना दाखवा. बाळ निळं पडलं, श्वास घेताना कण्हू लागलं तर १०८ ला फोन करा. सरकारी रुग्णालयात आजारी नवजात बाळाचे उपचार आणि ने-आण मोफत आहे.

उशी घरात आलीच असेल तर निदान तिचा कागद जपा. खेळण्यांना २०२१ पासून आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे. उशी खेळण्यात मोडत नाही, त्यामुळे तो आदेश तिला लागत नाही आणि चिन्ह नाही म्हणून दुकानदाराला अडवता येत नाही. पण पाकिटावर उत्पादकाचं किंवा आयातदाराचं नाव-पत्ता, महिना-वर्ष, कमाल किंमत आणि तक्रारीसाठी संपर्क हवाच. हे नसलेली उशी रस्त्यावर शंभराला मिळाली तरी घेऊ नका.

आता दाव्याचं. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये उत्पादन दायित्वाचं स्वतंत्र प्रकरण आहे. रचनेत दोष, बनवण्यात दोष, किंवा ‘यावर बाळाला झोपवू नका’ असा पुरेसा इशारा नसणं, यांपैकी एकामुळे इजा झाली तर उत्पादकाकडून भरपाई मागता येते. उत्पादक कोण हे कळतच नसेल, किंवा तो परदेशात बसून आपल्या कायद्याच्या हाताला लागत नसेल, तर कलम ८६ नुसार विक्रेता जबाबदार धरता येतो. आहेरात आलेल्या उशीबद्दलही दावा होतो, कारण घेणाऱ्याच्या संमतीने वस्तू वापरणाराही कायद्याने ग्राहक आहे. बाळाच्या वतीने आई किंवा वडील तक्रार करू शकतात.

तक्रार धुळ्याच्या जिल्हा ग्राहक आयोगात करायची. कंपनी दिल्लीची असो की चेन्नईची, तुम्ही राहता त्या जिल्ह्यात ती चालते. वस्तूसाठी मोजलेली किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर फी शून्य. भरपाई तुम्ही वीस लाख मागा की तीस लाख, फी आणि आयोग दोन्ही उशीच्या किमतीवरच ठरतात. सर्वोच्च न्यायालयाने ही पद्धत एप्रिल २०२५ मध्ये वैध ठरवली. वकील सक्तीचा नाही. हवा असेल तर साक्री न्यायालयातल्या तालुका विधी सेवा समितीकडे जा किंवा १५१०० वर विचारा: महिला, मुलं आणि अनुसूचित जाती-जमातींना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. खिशातून जातात ते नोटिशीच्या स्पीड पोस्टचे शंभराच्या आतले रुपये, झेरॉक्स आणि धुळ्याचं एसटी भाडं. बायकांना ते निम्मं आहे. शासकीय कार्यालयात किंवा न्यायालयात द्यायच्या प्रतिज्ञापत्राला महाराष्ट्रात मुद्रांक शुल्क माफ आहे, म्हणून स्टँप पेपर घेण्याआधी आयोगात विचारा. ऑनलाइन दाखल करायचं तर ‘ई-जागृती’ संकेतस्थळ आहे. सुनावणी व्हिडिओवर घ्या असा अर्जही देता येतो. मोठा खर्च एकच: आयोगाने उशी प्रयोगशाळेत पाठवली तर तपासणीची फी आधी तक्रारदाराला भरावी लागते. चाचणी नसेल तर तीन महिन्यांत आणि असेल तर पाच महिन्यांत निकाल द्यावा असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात त्याहून बराच जास्त वेळ धरून चाला.

दावा टिकतो तो पुराव्यावर. उशी धुऊ नका, फेकू नका, कंपनीला परत पाठवू नका. पाकीट, बिल, ऑर्डरचा स्क्रीनशॉट, जाहिरातीचा फोटो आणि दवाखान्याचे कागद एकत्र ठेवा. बाळ गेलं असेल तर पुढचं वाक्य वाचणंही जड आहे, तरी लिहितो: पोलिसांत आकस्मिक मृत्यूची नोंद आणि शवविच्छेदन झाल्याशिवाय मृत्यूचं कारण सिद्ध करणं जवळपास अशक्य होतं. त्या घडीला आईबापांना हे सुचणार नाही. सोबतच्या काकांनी, मामांनी ते बघावं.

इजा झाली नाही, पण उशी धोक्याची वाटते, तरीही गप्प बसू नका. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर मराठीत बोलता येतं, फोन मोफत आहे. धोकादायक वस्तूची लेखी तक्रार धुळ्याच्या जिल्हाधिकाऱ्यांकडे किंवा केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाकडे करता येते, आणि वस्तू बाजारातून परत मागवण्याचा अधिकार या प्राधिकरणाला आहे. ऑनलाइन घेतलेली असेल तर त्या कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच आणि महिन्याभरात उत्तर दिलं पाहिजे.

आयोगात जाण्याची मुदत दावा करण्याचं कारण घडलं त्या दिवसापासून दोन वर्षांची आहे. उशीर माफ करण्याचा अधिकार आयोगाला आहे, पण त्यासाठी पटेल असं कारण लेखी द्यावं लागतं.