रक्त मशीनपर्यंत पोचण्याआधी

पोटॅशियम ९.४, कॅल्शियम ३.६. परभणी जिल्ह्यातल्या एका रुग्णालयाच्या लॅबमध्ये सकाळी नाईट ड्युटीवाल्याकडून काम हातात घेताना रजिस्टरमधले हे दोन आकडे मी पाहिले आणि पुढचे पान उलटवेना. पोटॅशियम इतके चढले की हृदयाची लय बिघडते. कॅल्शियम इतके उतरले की हातपाय वळतात, झटके येतात. दोन्ही एकाच माणसात असतील तर तो माणूस शुद्धीवर असणे कठीण. वॉर्डात फोन लावला. सिस्टर म्हणाल्या, "पेशंट उठून बसली होती, चहा मागत होती. पण रिपोर्ट बघून डॉक्टरांनी इन्सुलिन दिलंय. आता घाम सुटलाय तिला."

पोटॅशियम खाली आणायला इन्सुलिन आणि ग्लुकोज देतात, उपचार म्हणून ते योग्यच. पण या बाईंचे पोटॅशियम वाढलेलेच नव्हते. ईसीजी नॉर्मल होता. ताजे रक्त घेऊन तपासले, तर दोन्ही आकडे ठीक निघाले. तोवर साखर मात्र घसरली होती. शिरेतून ग्लुकोज दिले, तासाभरात त्या सावरल्या आणि पुढे चालत घरी गेल्या.

झाले होते असे. रात्री शीर लवकर सापडत नव्हती. आधी जांभळ्या टोपणाची नळी भरली, लाल टोपणाच्या नळीला रक्त कमी पडले, म्हणून जांभळीतले थोडे लालमध्ये ओतले. जांभळ्या नळीत ईडीटीए असते. ते रक्तातले कॅल्शियम धरून ठेवते, म्हणून रक्त गोठत नाही. आणि ते स्वतः पोटॅशियमचा क्षार असते. म्हणजे मशीनने जे मोजले ते अचूक मोजले. मोजले ते नळीतले औषध.

रिपोर्ट चुकला की लोक मशीनला दोष देतात, "त्या लॅबचं मशीन बरोबर नाही" म्हणतात. इटलीतल्या पाडुआच्या रुग्णालयात प्रयोगशाळेच्या चुका मोजल्या गेल्या आणि १९९७ साली तो अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात ६८.२ टक्के चुका रक्त मशीनवर चढण्याआधीच्या होत्या आणि १८.५ टक्के रिपोर्ट निघाल्यानंतरच्या. प्रत्यक्ष तपासणीतल्या चुका उरल्या १३.३ टक्के. दहा वर्षांनी तिथेच पुन्हा पाहणी झाली, तेव्हाही तपासणीआधीचा वाटा ६० टक्क्यांच्या वरच होता. आपल्याकडे नवी मशीन आली की फीत कापली जाते, फोटो निघतात. रक्त घेणाऱ्या हाताला शिकवण्यासाठी मात्र कुणी एक दुपार काढत नाही. मला हे मनापासून खटकते.

म्हणून नव्याने कामाला लागलेल्या मुलामुलींना मी पहिल्या दिवशी नळ्यांचा क्रम पाठ करायला लावतो: निळी, लाल, जांभळी, करडी. एका नळीतले रक्त दुसरीत कधीही ओतायचे नाही. कमी पडले तर पुन्हा टोचायचे आणि पेशंटची माफी मागायची. निळी नळी खुणेपर्यंतच भरायची, कारण तिच्यात रक्ताचे नऊ भाग आणि औषधाचा एक असे प्रमाण ठरलेले आहे. नळी अर्धी राहिली तर रक्त पातळ असल्याचा खोटा रिपोर्ट येतो. सलाईन चालू असलेल्या हातातून रक्त घ्यायचे नाही, दुसरा हात वापरायचा. तो मिळतच नसेल तर सलाईन किमान दोन मिनिटे बंद ठेवून सुईच्या खालच्या बाजूने घ्यायचे आणि तसे कागदावर लिहायचे. ग्लुकोजच्या सलाईनवरच्या हातातून घेतलेल्या रक्तात साखर सातशे-आठशे निघाल्याचे मी पाहिले आहे.

आपल्या जिल्ह्याची अडचण आणखी वेगळी. पालम, सोनपेठ, जिंतूरकडची कलेक्शन सेंटर सकाळी रक्त गोळा करतात आणि ते मोटारसायकलच्या डिकीत नाहीतर एसटीने परभणीला येते. मे महिन्यातले परभणीचे ऊन काय असते ते सांगायला नको. नळीतल्या पेशी साखर खात राहतात. साध्या नळीत साधारण तापमानालाही ती तासाला पाच ते सात टक्के कमी होते, उन्हात त्याहून जास्त. सकाळी १४० असलेली साखर दुपारी ९० दिसते आणि मधुमेही माणूस खूश होऊन गोळी सोडतो. साखरेसाठी करडीच नळी हवी, आणि तिच्यातही पहिल्या तासा-दोन तासांत थोडी घट होतेच. यावर काही जण रक्ताच्या नळ्या थेट बर्फात ठेवतात. त्याने दुसरेच होते, पेशींतले पोटॅशियम बाहेर झिरपते आणि आकडा फुगतो. सेंटरवर एक साधे सेंट्रिफ्यूज ठेवावे, रक्त गोठू द्यावे, ते फिरवून वरचे पाणी म्हणजे सीरम वेगळे करावे आणि मग थंड डब्यातून पाठवावे. रक्त घेतल्याची वेळ नळीवर लिहावी. ज्या नळीवर वेळ नाही ती लॅबने घेऊच नये.

नावांचा घोळ तर रोजचा. एकाच वॉर्डात दोन जाधव, तीन शेख. बाईचे आधार कार्डावर माहेरचे नाव, केसपेपरवर सासरचे. "तुम्हीच जाधव का?" असे विचारले की ऐकायला कमी येणारी म्हातारी मान हलवून "व्हय" म्हणते, डॉक्टर-सिस्टरला नाही म्हणायची तिला सवय नसते. "मावशी, तुमचं पूर्ण नाव सांगा, गाव सांगा" असेच विचारावे, उत्तर केसपेपरच्या नंबराशी जुळवावे आणि स्टिकर खाटेशेजारीच, रक्त घेतल्याबरोबर लावावे. आधी स्टिकर लावलेल्या रिकाम्या नळ्यांचा ट्रे घेऊन फिरणे किंवा भरलेल्या नळ्या टेबलावर आणून मग नावे घालणे, या दोन्ही सवयींतूनच रक्त एकाचे आणि नाव दुसऱ्याचे होते. रक्त चढवायचे असेल तर ही अदलाबदल जीव घेते. चुकीच्या गटाचे थोडे रक्तही पुरते. गटासाठी दुसऱ्या वेळी वेगळा नमुना घेऊन पडताळावे, पिशवी लावताना दोघांनी मिळून खाटेजवळ नाव, नंबर, गट मोठ्याने वाचावा, आणि पहिली पंधरा मिनिटे कुणीतरी तिथून हलू नये.

साप चावलेल्या माणसाची तपासणी तर काचेच्या एका नळीवर होते. घोणस किंवा फुरसे चावले की रक्त गोठत नाही. म्हणून दोन मिली ताजे रक्त काचेच्या नळीत घेऊन वीस मिनिटे न हलवता ठेवतात, मग एकदाच तिरके करून बघतात. ही नळी नवी, कोरडी, साधी काचेची हवी. प्लास्टिकची घेतली किंवा साबणाने धुतलेली वापरली, तर चांगले रक्तही गोठत नाही आणि गरज नसलेल्याला प्रतिविष टोचले जाते. उलट, नाग-मण्यारच्या दंशात रक्त व्यवस्थित गोठते. गोठले म्हणून पेशंटला घरी धाडणारे मी पाहिले आहेत. पापण्या जड होताहेत का, गिळता येतेय का, हे वॉर्डातच बघावे लागते, आणि रक्त अर्ध्या-अर्ध्या तासाने पुन्हा तपासावे लागते. पेरणी-काढणीच्या दिवसांत ग्रामीण रुग्णालयांनी अशा नळ्यांचा डबा वेगळा, कुलपाबाहेर ठेवावा.

आता रिपोर्ट निघाल्यानंतरचे. धोक्याचा आकडा कागदावर छापून पेटीत टाकला म्हणजे काम झाले असे नाही. तो फोनवर सांगायचा, ऐकणाऱ्याने पेशंटचे नाव आणि आकडा परत म्हणून दाखवायचा, आणि कुणी, किती वाजता ऐकला ते लिहायचे. आणि सांगताना लॅबवाल्याने आकड्यांकडे डोळे उघडून बघायचे. त्या पहाटे "पोटॅशियम वाढलं आणि कॅल्शियम घटलं, म्हणजे नळीत काहीतरी गडबड" एवढे कुणी फोनवर म्हटले असते, तर इन्सुलिन भरलेच गेले नसते. असे म्हणायला धीर लागतो. टेक्निशियनने डॉक्टरला "थांबा" म्हणायचे, ही आपल्याकडे रीत नाही. ती पाडावी लागेल, आणि त्यात पुढाकार डॉक्टरांनीच घ्यावा.

चूक कबूल करणाऱ्याचे पुढे काय होते, यावरही बरेच ठरते. ३१ जानेवारी २०२१ रोजी यवतमाळ जिल्ह्यात, घाटंजी तालुक्यातल्या कापसी-कोपरी गावात बारा बालकांना पोलिओच्या थेंबांऐवजी सॅनिटायझर पाजले गेले. बालके वाचली. कर्मचाऱ्यांवर कारवाई झाली, ती व्हायला हवीही होती. पण थेंब देण्याच्या टेबलावर सॅनिटायझर हाताशी का होते, तोंडात थेंब टाकण्याआधी बाटलीवरचे नाव वाचायची सक्ती होती का, हे प्रश्न माणूस निलंबित केल्याने सुटत नाहीत. टेबल तसेच राहिले की त्यावर दुसरा माणूस तेच करतो. मी सुरुवातीला सांगितलेल्या रुग्णालयात इन्सुलिनच्या त्या घटनेनंतर रक्त घेणाऱ्या मुलीला कुणी रागावले नाही. तिनेच सगळ्यांसमोर काय झाले ते सांगितले, म्हणून तर आम्हाला कळले. तिला नोकरीची भीती असती तर आम्ही आजही मशीन दुरुस्त करायला माणूस बोलावत बसलो असतो.

रुग्णाच्या घरच्यांनाही सांगायचे आहे. रक्त घेताना नळीवर तुमचेच नाव आहे का ते वाचून घ्या. वाचता येत नसेल तर वाचून दाखवायला सांगा, त्यात कुणाचा अपमान नाही. रिपोर्टवर पॅथॉलॉजिस्ट डॉक्टरची सही आहे का बघा. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्येच ती आवश्यक ठरवली आहे. नांदेडला किंवा संभाजीनगरला रेफर केले तर जुने रिपोर्ट आणि चालू गोळ्यांची पाकिटे पिशवीत सोबत न्या, "पांढरी गोळी, छोटी" या वर्णनावर नवा डॉक्टर काही करू शकत नाही. संधिवातासाठी मेथोट्रेक्सेट दिले असेल तर ते आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते. रोज घेतल्याने माणसे दगावतात. म्हणून वार कोणता ते डॉक्टरांकडून पाकिटावर मराठीत लिहून घ्या. आणि पेशंट बरा दिसतोय पण रिपोर्ट भयंकर आलाय असे झाले, तर डॉक्टरांना एवढेच विचारा, "साहेब, औषध देण्याआधी रक्त परत एकदा तपासायचं का?"