जपानी गाण्यांचा कराओके आणि भेंड्या: पांढरकवड्यात घरच्या घरी खर्च किती?

मुलांना नारुतो आणि डेमन स्लेयरची गाणी तोंडपाठ आहेत, वाढदिवसाला मित्रमंडळी जमणार आहे आणि त्यांना कराओके हवा आहे. त्यासाठी नागपूर गाठायची गरज नाही. केळापूर तालुक्यात तुम्ही पांढरकवड्यात राहा किंवा एखाद्या खेड्यात, टीव्ही, फोन आणि इंटरनेट घरात असेल तर नवीन खर्च साधारण दीड हजारात बसतो. पैसे गाण्यांवर जात नाहीत. ते जातात नको त्या अॅपवर, चुकीच्या माईकवर आणि भाड्याच्या साउंडवर न विचारता लागलेल्या आकारांवर.

आधी माईक. स्पीकर अंगातच असलेला ब्लूटूथ कराओके माईक ऑनलाइन साधारण ५०० ते १००० रुपयांत मिळतो. बैठकीच्या खोलीत दहा-पंधरा मुलांना तो पुरतो. दोन माईक घ्या, नाहीतर अर्धा कार्यक्रम ओढाताणीत जाईल. खोक्यावर बीआयएसचा नोंदणी क्रमांक आहे का ते बघा. तो आर या अक्षराने सुरू होतो आणि 'बीआयएस केअर' या मोफत अॅपमध्ये टाकून खरा-खोटा तपासता येतो. वायरलेस माईक आणि ब्लूटूथ स्पीकर दोन्हींना ही नोंदणी सक्तीची आहे. बाजारातून घेतलात तर पक्कं बिल मागा आणि दुकानातच पाच मिनिटं बोलून बघा. 'मॅजिक व्हॉइस'च्या बटणासाठी जास्त पैसे मोजू नका. त्याने गाण्याची पट्टी उतरत नाही, आवाज तेवढा कार्टूनसारखा होतो.

दुसरी अडचण घरी आल्यावर कळते. ब्लूटूथवर आवाज थोडा उशिरा पोचतो, टीव्हीवरचे शब्द पुढे जातात आणि गाणारा मागे पडतो. उपाय स्वस्त आहे. फोन किंवा टीव्ही आणि स्पीकर यांच्यात ऑक्स केबल लावा, शंभर-दोनशे रुपयांत मिळते. माईक घेतानाच त्याला केबलची जागा आहे ना, हे बघून घ्या. माईक आदल्या रात्री पूर्ण चार्ज करून ठेवा, ऐन वेळी लाइट जाऊ शकते.

गाणी यूट्यूबवर फुकट आहेत. शोधताना गाण्याचं इंग्रजी अक्षरांतलं नाव लिहा आणि पुढे 'कराओके रोमाजी' जोडा, म्हणजे जपानी शब्द रोमन अक्षरांत पडद्यावर येतात. नुसतं संगीत हवं असेल तर 'ऑफ व्होकल' लिहा, जपानी अल्बमांवर हाच शब्द छापलेला असतो. तासभराच्या साध्या दर्जाच्या व्हिडिओला साधारण अर्धा-पाऊण जीबी डेटा लागतो, म्हणजे रोजच्या दीड जीबीच्या पॅकमध्ये दोन तास निघतात. मधल्या जाहिराती नको असतील तर यूट्यूब प्रीमियमचा एकट्याचा मासिक दर १४९ रुपये आहे आणि एकच महिना घेतला तरी चालतं.

कराओकेच्या वेगळ्या अॅपपासून मात्र जपून राहा. 'तीन दिवस मोफत' असं मोठ्या अक्षरांत असतं आणि त्याखाली बारीक अक्षरांत आठवड्याचा दर असतो. महिन्याचा समजून तुम्ही होकार देता आणि पैसे महिन्यात चारदा कापले जातात. अॅप फोनमधून काढून टाकलं म्हणून वर्गणी थांबत नाही. ती प्ले स्टोअरमध्ये 'सबस्क्रिप्शन्स'खाली जाऊन रद्द करावी लागते.

आता गाण्यांची निवड. मुलं आवडीचं गाणं निवडतात, गळ्याला झेपणारं निवडत नाहीत. जपानी पॉपमध्ये पुरुष गायकही फार वरच्या पट्टीत गातात. काळी एकमध्ये भजन म्हणणाऱ्या काकांचा ऑफिशियल हिगे दांदिझमच्या 'प्रिटेंडर'वर (२०१९) घसा बसेल. काही कराओके चॅनेल मूळ पट्टी आणि उतरवलेली पट्टी अशा दोन्ही आवृत्त्या टाकतात. तीन-चार पट्ट्या खालची निवडा.

सुरुवातीला क्यू साकामोतोचं १९६१चं 'उए ओ मुइते आरुको' घ्या. संथ आहे, शब्द सुटे आहेत आणि मध्ये शिट्टी आहे, त्यामुळे ज्याला शब्द जमत नाहीत त्यालाही काम मिळतं. जपानी भाषेतलं हे गाणं 'सुकियाकी' या नावाने जून १९६३मध्ये अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत पहिलं आलं होतं, तेव्हा घरातल्या मोठ्यांपैकी एखाद्याने ते ऐकलेलं असू शकतं. त्यानंतर 'दोराएमोन नो उता', कारण डोरेमॉन घरात सगळ्यांना माहीत. आइम्योनचं 'मारीगोल्ड' (२०१८) मध्यम लयीचं आहे, मुलींच्या गळ्याला बसतं. उतादा हिकारूच्या 'फर्स्ट लव'मध्ये (१९९९) ध्रुवपदात इंग्रजी ओळी येतात, तिथे सगळे सामील होऊ शकतात. ड्रॅगन बॉल झेडचं 'चा-ला हेड-चा-ला' (१९८९) सगळ्यांनी मिळून ओरडायला चांगलं, घसा गरम झाल्यावर घ्या. 'ब्लू बर्ड' (२००८) आणि लिसाचं 'गुरेन्गे' (२०१९) मुलं मागणारच. दोन्ही उंच आहेत, दोघा-तिघांना मिळून गाऊ द्या. योआसोबीचं 'आयडॉल' (२०२३) शेवटी ठेवा किंवा टाळा. त्यातला वेगवान बोलका भाग सरावाशिवाय जमत नाही आणि मूल मध्येच हिरमुसतं.

रोमन अक्षरांवर अवलंबून राहू नका. व्हिडिओ थांबवत थांबवत शब्द देवनागरीत लिहून काढा, एका गाण्याला अर्धा-पाऊण तास पुरतो. जपानीत स्वर पाचच, अ, इ, उ, ए, ओ, आणि 'त्सु'सारखे उच्चार आपल्याला सहज जमतात. दीर्घ स्वर तेवढा नीट दाखवा. तो आखडला की ताल चुकतो. मोठ्या अक्षरांत प्रत काढून घ्या, झेरॉक्सला चार-सहा रुपये लागतील.

नुसत्या गाण्याने मुलं तासाभरात कंटाळतात, म्हणून मध्ये भेंड्या घ्या. जपानी मुलं शब्दांच्या भेंड्या खेळतात, त्या खेळाला शिरितोरी म्हणतात. शब्दाच्या शेवटच्या अक्षरावरून पुढचा शब्द. आपण तोच खेळ गाण्याच्या नावांवर खेळायचा. एक साखळी तयारच देते: 'आइदोरु' (म्हणजे 'आयडॉल'), मग 'रुपान सान्सेई नो तेमा', मग 'मारीगोरुदो', मग 'दोराएमोन नो उता', आणि आता 'ता'. जपानी खेळाडू मुद्दाम 'रु'वर शब्द संपवतात, कारण त्या अक्षराने सुरू होणारे शब्द थोडे. हा डाव मुलांना आवर्जून शिकवा.

भांडण टाळायचं तर नियम आधी ठरवा. शिरितोरीत न् या अक्षरावर संपणारा शब्द म्हणणारा बाद होतो, त्यामुळे केन्शी योनेझूचं 'लेमन' म्हणणारा तिथेच हरतो. पण मराठी-हिंदी गाणीही चालणार असतील तर हा नियम सोडा, 'न'ची गाणी आपल्याकडे रग्गड आहेत. 'ण' आला तर 'न' आणि 'ळ' आला तर 'ल' हा आपला घरचा नियम कायम ठेवा. 'चेरी'सारख्या नावात शेवट 'री' धरायचा की लांबवलेला 'ई', तेही आधीच सांगा. अर्धा मिनिट वेळ, एकदा आलेलं नाव पुन्हा नाही. नावांच्या चिठ्ठ्या करून ठेवल्यात तर लहानांनाही खेळता येईल.

परवानगीचं काय? दारं-खिडक्या लावून खोलीत लहान स्पीकर वाजवायला कागद लागत नाही, पण आवाज शेजाऱ्यांच्या घरात शिरता कामा नये. अंगणात, गच्चीवर किंवा मांडवात लाउडस्पीकर लावणार असाल तर लेखी परवानगी हवी. त्यासाठी पोलिस ठाण्यात चार-पाच दिवस आधी अर्ज द्या. त्यात तारीख, वेळ, जागा, स्पीकर किती आणि तुमचा मोबाइल क्रमांक लिहा, आधारची प्रत जोडा. जागा दुसऱ्याची असेल तर त्याची लेखी संमतीही. जे भराल त्याची पावती घ्या. रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाउडस्पीकर बंद. रहिवासी भागात मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे. दवाखाना, शाळा आणि न्यायालयापासून १०० मीटरपर्यंत शांतता क्षेत्र जाहीर केलेलं असू शकतं. नवरात्रात केळापूरच्या जगदंबा देवीच्या दर्शनाची गर्दी असते, तेव्हा आणि दहावी-बारावीच्या परीक्षेच्या दिवसांत उघड्यावरचा बेत आखूच नका.

घरगुती, बिनतिकिटाच्या कार्यक्रमाला संगीताचा परवाना लागत नाही. तिकीट लावलंत किंवा हॉटेलात ठेवलंत तर लागतो, आणि तो कोण काढणार हे हॉटेलवाल्याकडून लेखी घ्या.

बिछायत केंद्रातून साउंड घेणार असाल तर 'एकूण किती' एवढंच विचारून थांबू नका. वाहतूक त्यात आहे का? ऑपरेटरचे वेगळे लागतात का? कॉर्डलेस माईकचे सेल कुणाचे? ठरलेल्या वेळेपेक्षा तास वाढला तर किती? लाइट गेली तर जनरेटरचे किती? उत्तरं व्हॉट्सअॅपवर लिहून मागा आणि आगाऊ रक्कम निम्म्याहून जास्त देऊ नका. वीस माणसांच्या आत असाल तर हा खर्च करूच नका.

घरातलं कुणी जपानला शिकायला किंवा नोकरीला असेल तर त्यालाही सांगून ठेवा. तिथल्या कराओके खोलीचा दर बहुतेक माणशी अर्ध्या तासाचा असतो, खोलीचा नसतो. वर अनेक ठिकाणी प्रत्येकाने एक पेय घेण्याची सक्ती असते आणि ते दारावरच्या फलकातल्या दरात धरलेलं नसतं. कामाच्या दिवशी दुपारी सर्वांत स्वस्त, शुक्रवार-शनिवारी रात्री सर्वांत महाग.

माईक बिघडलेला निघाला आणि दुकानदार दाद देत नसेल, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर फोन करा, बिल हाताशी ठेवा. आणि कार्यक्रमाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तुमच्या यूपीआय अॅपमधली ऑटोपेची यादी एकदा उघडा. मुलांनी फोनवर कुठे होकार दिला असेल, तर तो तिथे दिसेल आणि तिथूनच रद्द करता येईल.