अर्ध्या दिवसाचं जिनिव्हा

परदेशात बसमध्ये बसून 'सिटी टूर' करणाऱ्यांकडे मी बरीच वर्षं जरा नाक मुरडून पाहत आले. आपण कसे, हातात नकाशा घेऊन गल्लीबोळ पालथे घालणारे! जिनिव्हाला मात्र मोठ्या वन्सं बरोबर होत्या. त्यांचे गुडघे आणि आमच्याकडचा वेळ, दोन्ही बेताचेच. तेव्हा सकाळी बसने निघायचं आणि जेवणाच्या वेळेला मोकळं व्हायचं, असं ठरलं. त्या अर्ध्या दिवसाने पदरात जे टाकलं, ते हे.

१. अर्ध्या दिवसाची सहल म्हणजे शहराने स्वतःच करून दिलेली स्वतःची ओळख. लग्नाच्या बैठकीत मुलाकडचे मुलाबद्दल सांगतात, तशी. खोटं काहीच नसतं, पण आधी काय सांगायचं आणि कशावरून पटकन पुढे सरकायचं, हे घरून ठरवून आलेले असतात. जिनिव्हाचा क्रम असा: आधी संयुक्त राष्ट्रांचा परिसर, मग तळं, कारंजं आणि फुलांचं घड्याळ, शेवटी चढावरचं जुनं शहर. म्हणजे शांतता, पाणी, वेळ आणि धर्म. सुरुवातीला मी दाखवलेलं निमूटपणे पाहत होते. मग लक्षात आलं, की गाईडबाईंचा आवाज जिथे किंचित घाईला येतो, तिथे कान टवकारायचे.

२. बावळट वाटणारा प्रश्न विचारायला माझ्यापेक्षा जास्त धैर्य लागतं. संयुक्त राष्ट्रांसमोरच्या चौकात एक अवाढव्य लाकडी खुर्ची उभी आहे. बारा मीटर उंच, आणि एक पाय मधूनच तुटलेला, लाकडाच्या चिरफाळ्या बाहेर आलेल्या. सगळे फोटो काढत होते. वन्संनी सरळ विचारलं, "एवढा श्रीमंत देश, यांना एक पाय बसवून घेता येत नाही?" मी इकडेतिकडे पाहायला लागले. गाईडबाईंनी मात्र फार मनापासून उत्तर दिलं. भूसुरुंगांनी ज्यांचे पाय गेले, त्यांच्यासाठी ही खुर्ची 1997 मध्ये उभारली. भूसुरुंगबंदीच्या करारावर देशांनी सह्या कराव्यात म्हणून ती ऐन संयुक्त राष्ट्रांच्या दारासमोर ठेवली. ठेवायची होती फक्त तीन महिने. चौकाच्या कामासाठी मध्ये काही काळ हलवली, पण 2007 मध्ये पुन्हा आणून बसवली. वन्सं बराच वेळ त्या तुटक्या पायाकडे पाहत होत्या. मग म्हणाल्या, "बरोबर आहे. नकोच बसवायला." मी विचारला असता तो प्रश्न? छे! मी रात्री हॉटेलात गुपचूप फोनवर शोधला असता.

३. कितीही जागतिक ठिकाणी नेऊन उभं करा, माणूस आधी आपला झेंडा शोधतो. पॅले दे नासिओंच्या, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या इमारतीच्या, फाटकापासून झेंड्यांच्या दोन रांगा आत जातात. आमच्या बसमधली तऱ्हेतऱ्हेच्या देशांची माणसं माना उंचावून आपापला झेंडा हुडकत होती. आम्हीही त्यातच. सापडल्यावर मला आठवलं, की हिंदुस्थान 1920 मध्ये जुन्या राष्ट्रसंघाचा संस्थापक सदस्य होता, तोही इंग्रजांच्या ताब्यात असताना. स्वतःचं राज्य नाही, पण जागतिक सभेत खुर्ची आहे, आणि त्या खुर्चीवर कोणी बसायचं ते ठरवणार सरकार! याच आवारात मोर मोकळे फिरतात. हे उद्यान ज्या गुस्ताव्ह रेव्हिलियोने शहराला दिलं, त्याची ती अट होती म्हणतात. जगातल्या वाटाघाटी चालू असताना बाहेर मोर केकाटत असतील, या कल्पनेने मला उगाचच बरं वाटलं.

४. एखाद्या शहराची सगळ्यात मिरवण्यासारखी गोष्ट मुळात मिरवण्यासाठी केलेलीच नसते. तळ्यातलं 'जे दो' नावाचं ते प्रचंड कारंजं जिनिव्हाच्या प्रत्येक चित्रात असतं. 1886 मध्ये ते जन्माला आलं ते निव्वळ वाफेच्या शिट्टीसारखं काम करायला. ऱ्होन नदीवरच्या पंपघरातून दाबाने पाणी शहरभर जायचं आणि त्यावर कारागिरांची यंत्रं चालायची. संध्याकाळी कारागीर यंत्रं बंद करून घरी निघाले, की नळांतला दाब एकदम वाढायचा. तो सोडून द्यायला एक वाट करून दिली आणि पाणी आकाशात उडालं. लोकांना ते इतकं आवडलं, की 1891 मध्ये त्याला मुद्दाम तळ्याच्या तोंडाशी आणून बसवलं. आज सेकंदाला पाचशे लिटर पाणी ताशी दोनशे किलोमीटरच्या वेगाने 140 मीटर वर जातं.

आकडे बसमध्येच ऐकले होते. धक्क्यावर चालत गेल्यावर कळलं, की आकड्यांत आवाज नसतो. बुंध्याशी पाणी पांढरंफेक आणि घट्ट, हात लावला तर लागेल असं. वर जाता जाता ते सैल होतं, अगदी टोकाला क्षणभर थबकतं आणि मग वारा म्हणेल तिकडे पदरासारखं पसरत खाली येतं. वारा आमच्याकडे वळला. माझा चष्मा, वन्संची शाल आणि शेजारच्या जपानी आजोबांचा नकाशा एकाच वेळी भिजले. तिघंही न ओळखता एकमेकांकडे पाहून हसलो. संध्याकाळी बंद झालेल्या यंत्रांचा तो दाब, असं मनात आलं आणि मला माझ्या संध्याकाळच्या चिडचिडीबद्दल जरा आशा वाटू लागली.

५. मनाई करणाऱ्यांना आपल्या मनाईचं पुढे काय होणार, याचा अंदाज नसतो. इंग्लिश बागेतल्या फुलांच्या घड्याळाला आम्ही जेमतेम दहा मिनिटं दिली. 1955 पासूनचं हे घड्याळ. सेकंदकाटाच अडीच मीटर लांब. सगळे त्याच्याकडे पाठ करून उभे राहतात, कारण फोटो तसाच येतो. मला रस वाटला तो त्यामागच्या गोष्टीत. सोळाव्या शतकात धर्मसुधारक कॅल्व्हिनच्या कडक शिस्तीत दागदागिन्यांवर गदा आली. सोनारांनी मग आपली कला घड्याळांकडे वळवली, आणि धर्मछळामुळे फ्रान्समधून पळून आलेले कारागीर त्यांना येऊन मिळाले, असं सांगतात. 1601 मध्ये इथे घड्याळजींचा संघही स्थापन झाला. आज त्याच शहरातल्या काचेमागे एकेका घड्याळाची किंमत पाहून वन्संनी पुटपुटत रुपयांत हिशेब केला आणि मध्येच सोडून दिला. थाटमाट नको म्हणणाऱ्या माणसाच्या गावाची ही कमाई!

६. फिरायला आलेल्या माणसालाही मरणाची गोष्ट लागते. हे काही फारसं भूषणावह नाही, पण खरं आहे. तळ्याकाठच्या रस्त्यावर बस हळू झाली तेव्हा निम्मी मंडळी पेंगत होती. "इथे सम्राज्ञीचा खून झाला," एवढं कानावर पडलं आणि सगळे खिडक्यांकडे झुकले. मीही. ऑस्ट्रियाची एलिझाबेथ, लोक जिला सिसी म्हणतात ती, 10 सप्टेंबर 1898 रोजी इथल्या हॉटेलातून आगबोटीकडे चालत निघाली होती. लुकेनी नावाच्या इटालियन मजुराने धार लावलेली कानस तिच्या छातीत खुपसली. त्याला मारायचा होता दुसराच कोणी राजवंशी; तो मिळाला नाही. ती पडली, उठली आणि चालत बोटीवर चढलीही. आपल्याला भोसकलंय, हे तिला कळलंच नव्हतं. घट्ट बांधलेल्या काचोळीने रक्त आवरून धरलं होतं. बोट सुटल्यावर ती कोसळली. दोन मिनिटांत गोष्ट संपली आणि बसने वेग घेतला. ती ताठपणे चाललेली शेवटची पावलं मात्र माझ्या डोक्यातून जाईनात. आपल्याला काय झालंय ते कळायच्या आत ठरल्या वेळी बोट गाठणाऱ्या बायका मी बऱ्याच पाहिल्यात.

७. आपण गोष्ट कुठल्या बाजूला उभं राहून ऐकत आलो, हे दुसऱ्याच्या गावात गेल्याशिवाय समजत नाही. डिसेंबर 1602 मधल्या एका रात्री सॅव्हॉयच्या ड्यूकची माणसं शिड्या लावून जिनिव्हाच्या तटावर चढली. गावाने त्यांना परतवलं. मेर रुआयोम नावाच्या बाईने म्हणे खिडकीतून उकळत्या भाजीच्या सुपाचं भांडंच शत्रूच्या डोक्यावर रिकामं केलं. दर डिसेंबरला त्याची आठवण म्हणून चॉकलेटची हंडी फोडतात, आत बदामाच्या गोळ्याच्या इवल्या भाज्या असतात. घरातलं सगळ्यात थोरलं आणि सगळ्यात धाकटं माणूस मिळून ती फोडतं. ऐकताना माझं काहीतरी अडत होतं. मग उमगलं. रात्री अंधारात तटावर चढणारे म्हटले, की आम्हाला कोंढाणा आठवतो. आमचं मन शिडीवरच्यांबरोबर वर चढायला लागतं. इथे त्यांच्या डोक्यावर सूप पडलं, की टाळ्या वाजवायच्या! वन्संना सुपाचं भांडं फेकणारी आवडली. "रात्रीच्या वेळी चुलीवर एवढं भांडं होतं म्हणजे खटलं मोठं असणार," एवढंच त्या म्हणाल्या.

८. शहरं माणसांना मान देतात, पण ती हयात असताना देतीलच याची खात्री नाही. बास्तियों बागेत जवळजवळ शंभर मीटर लांबीची धर्मसुधारकांची भिंत आहे. तिच्यावर फारेल, कॅल्व्हिन, बेझा आणि नॉक्स, पाच-पाच मीटर उंच. ज्या कॅल्व्हिनने आपल्या थडग्यावर खूणही नको म्हणून सांगितलं, त्याचा हा पुतळा. याच शहरात 1553 मध्ये मिगेल सर्व्हेटस या स्पॅनिश वैद्याला वेगळं धर्ममत मांडल्याबद्दल जिवंत जाळलं. 1903 मध्ये त्याच्या आठवणीला पश्चात्तापाची शिळा उभारली. रूसो इथल्या ग्रां रूवर जन्मला. 1762 मध्ये त्याच्या पुस्तकांची होळी इथेच झाली. आज नदीतलं एक बेट त्याच्या नावाचं आहे, आणि त्यावर तो निवांत बसलेला आहे. रेडक्रॉसच्या कल्पनेचा जनक आंरी ड्युनां इथलाच. 1867 मध्ये त्याचं दिवाळं निघालं, समितीतून बाहेर पडावं लागलं आणि गाव सुटलं ते कायमचं. 1901 मध्ये शांततेचं पहिलं नोबेल त्याला विभागून मिळालं, तेव्हा तो दूर हायडन गावातल्या रुग्णालयात राहत होता. गाईडबाईंचा आवाज इथे घाईला आला, असं मला वाटलं. त्यांना दोष देत नाही. आमच्या गावातल्या पुतळ्यांची चरित्रं मीही पाहुण्यांना अशीच उरकून सांगते.

९. आपल्या मनातलं ठिकाण यादीत नसलं, तर तो आपलाच अभ्यास ठरतो. श्यामजी कृष्णवर्मा 1914 पासून 1930 मध्ये मरेपर्यंत याच शहरात राहिले. मुंबईत शिकलेला कच्छचा हा संस्कृत पंडित. लंडनमध्ये 1905 साली इंडिया हाउस काढणारा. टिळकांच्या शिफारशीवरून शिवाजी शिष्यवृत्ती मिळवून सावरकर लंडनला गेले, ते त्यांच्याच मार्फत. त्यांच्या अस्थी इथल्या सेंट जॉर्जेस स्मशानभूमीत जपून ठेवलेल्या होत्या. 2003 मध्ये त्या भारतात आणल्या. म्हणजे पाहायला जाऊन आता काही दिसलं नसतं. तरी मी उतरताना गाईडबाईंना नाव सांगितलं. त्यांनी वही काढून स्पेलिंग विचारून घेतलं आणि म्हणाल्या, "पुढच्या वेळी कोणी भारतीय आले तर सांगेन." ते त्या सांगतील की नाही, ठाऊक नाही. पण सकाळभर त्या बोलत होत्या आणि मी ऐकत होते. तेवढ्यापुरती आमची अदलाबदल झाली.

१०. सहलीतलं सगळ्यात चांगलं काम बसायचं. त्रेयच्या फिरण्याच्या वाटेवर एकशे वीस मीटर लांबीचा एकच लाकडी बाक आहे. तिथे वन्संनी चपला काढल्या आणि चिवड्याची पुडी उघडली. जवळच एक चेस्टनटचं झाड आहे, सरकारी. त्याला पहिली पालवी फुटली, की एक सरकारी अधिकारी ती तारीख नोंदवतो आणि मग जिनिव्हात वसंत आला असं जाहीर होतं. 1818 पासूनच्या या नोंदी आहेत. विसाव्या शतकात ती तारीख अलीकडे अलीकडे सरकत गेली, म्हणून हवामानाचे अभ्यासकही त्या वही-खात्यात डोकावतात. झाडाकडे पाहायचा पगार मिळतो, हे ऐकून वन्संनी त्या अधिकाऱ्याच्या निवृत्तीचं वय विचारलं.

मग चिवडा खाता खाता त्यांनी माझ्याकडे मोहरा वळवला. "तू पुण्यात जन्म काढलास. पुणे दर्शनच्या बसमध्ये बसलीस कधी?" नाही बसले. आपल्या गावाची बस दुसऱ्यांसाठी असते, असं मी धरूनच चालले होते. शनिवारवाड्यापाशी काय सांगतात, कुठे थांबतात, कुठे घाईने पुढे जातात, मला काडीची कल्पना नाही. आता दोन तिकिटं काढायचं ठरलं आहे. माझी अट एकच आहे: प्रश्न वन्संनी विचारायचे, आणि मी इकडेतिकडे पाहायचं नाही.